उद्दीपन, अभिज्ञान आणि प्रेक्षकाची स्मृती : काही प्रेमचित्रपटांचा विचार

१

प्रेमकथेची मूळ सामग्री फार थोडी असते. दोन व्यक्ती, त्यांच्यातील ओढ, त्या ओढीच्या आड येणारे काही आणि अखेर मीलन किंवा ताटातूट. एवढ्या भांडवलावर जगातील बहुतेक भाषांत असंख्य चित्रपट निघाले. त्यांतील बहुसंख्य विसरले गेले आणि मोजके काही दोन-तीन पिढ्यांच्या स्मरणात राहिले. सामग्री जवळजवळ तीच असताना हा फरक कशामुळे पडतो? प्रेमचित्रपट हा लोकप्रिय प्रकार असल्याने या प्रश्नाकडे गंभीरपणे पाहण्याची आपल्याकडे फारशी रीत नाही. पाहिलेच तर कथानकाचा सारांश देऊन त्यातील सामाजिक आशयाची चर्चा केली जाते. चित्रपटाच्या रचनेपर्यंत ही चर्चा क्वचितच पोहोचते.

या प्रश्नाला सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर अडथळ्याचे आहे. प्रेमाच्या आड येणारी शक्ती जितकी मोठी तितकी प्रेमकथा थोर, असा त्याचा मथितार्थ. राजसत्ता, जात, धर्म, वर्ग, युद्ध, विवाहसंस्था ही या अडथळ्याची परिचित रूपे. परंतु जातीच्या भिंतीवर आपटून फुटलेल्या प्रेमाच्या कथा शेकड्यांनी सांगता येतील. त्यांतल्या सगळ्याच आपल्याला अस्वस्थ करीत नाहीत. अडथळ्याची थोरवी ही विषयाची थोरवी आहे आणि विषय थोर असल्याने कलाकृती थोर होत नाही, हे साहित्यसमीक्षेने केव्हाच मान्य केले आहे. दुसरे उत्तर नट-नटी, संगीत आणि छायाचित्रण यांच्या मोहिनीचे आहे. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. तेच नट, तेच संगीतकार आणि तेच छायालेखक अनेक विस्मृत चित्रपटांतही भेटतात.

प्रस्तुत लेखात या दोन्ही उत्तरांपेक्षा वेगळ्या दिशेने जाण्याचा प्रयत्न केला आहे. मांडावयाचा मुद्दा थोडक्यात असा : श्रेष्ठ प्रेमचित्रपट आपली उद्दीपने स्वतः घडवतो आणि त्यांच्या द्वारा प्रेमाची स्मृती पात्रांकडून प्रेक्षकाकडे सोपवतो. पात्रांना जे आठवत नाही, कळत नाही किंवा सांगता येत नाही, ते जपण्याची जबाबदारी अशा चित्रपटात प्रेक्षकावर येऊन पडते. चित्रपट स्मरणात राहतो याचे कारण त्याने आपल्याला स्मरण ठेवण्याचे काम दिलेले असते.

२

या विवेचनासाठी संस्कृत साहित्यशास्त्रातील उद्दीपन विभाव ही संकल्पना उपयुक्त ठरते. विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगाने रसनिष्पत्ती होते, हे भरताचे सूत्र सर्वपरिचित आहे. पुढील शास्त्रकारांनी विभावाचे आलंबन आणि उद्दीपन असे दोन प्रकार स्पष्ट केले. शृंगारात नायक-नायिका ही आलंबने. चंद्र, उपवन, मलयानिल, कोकिळकूजन, पुष्पमाला ही उद्दीपने. ही यादी इतकी स्थिरावली की उत्तरकालीन कवींना ती तयार सामानासारखी हाताशी मिळू लागली. हिंदी आणि मराठी चित्रपटांनीही ती उचलली. चंद्राच्या जोडीला पाऊस, बागेच्या जोडीला हिमशिखरे आणि कोकिळेच्या जागी व्हायोलिनचा ताफा, एवढाच काय तो बदल.

अशा उद्दीपनांना आपण रूढ उद्दीपने म्हणू. ती रसिकाच्या मनात आधीपासून असलेल्या संस्कारावर काम करतात. पडद्यावर पाऊस सुरू झाला की आता प्रणय येणार हे प्रेक्षकाला कळते. पण हे कळणे त्या विशिष्ट चित्रपटाने कमावलेले नसते. याउलट काही कलाकृतींत एखादी सामान्य वस्तू, जागा किंवा हालचाल प्रथम येते तेव्हा तिला कोणताही शृंगारिक अर्थ नसतो. कृतीच्या ओघात ती पुन्हा पुन्हा येते, प्रत्येक वेळी तिच्यावर एकेक थर चढतो, आणि अखेर तिच्या केवळ दर्शनाने सगळा प्रेमानुभव जागा होतो. तिला रचित उद्दीपन म्हणता येईल. मर्ढेकरांनी काव्यातील प्रतिमेच्या संदर्भात मांडलेली भावनानिष्ठ समतानतेची कल्पना येथे आठवेल. फरक एवढाच, की चित्रपटात ही समतानता काळाच्या ओघात, पुनरावृत्तीने, प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत घडवावी लागते.

रचित उद्दीपनाचा आपल्या परंपरेतील आदर्श नमुना म्हणजे ‘अभिज्ञानशाकुंतला’तील अंगठी. महाभारतातील शकुंतलोपाख्यानात अंगठीही नाही आणि दुर्वासाचा शापही नाही. दोन्ही कालिदासाची भर आहे. पहिल्या अंकात अंगठी येते ती अगदी सहज, झाडांना पाणी घालण्याच्या ऋणातून शकुंतलेला सोडवण्यासाठी राजाने देऊ केलेली वस्तू म्हणून. चौथ्या अंकात शापाच्या उःशापाने ती प्रेमाची एकमेव खूण ठरते. पाचव्या अंकात ती नाहीशी झालेली असते. या पाचव्या अंकातील परिस्थिती नीट पाहिली पाहिजे. दुष्यंत सर्व विसरला आहे. शकुंतलेला सर्व आठवते, पण राजा का विसरला हे तिला ठाऊक नाही. शाप ठाऊक असलेल्या प्रियंवदा आणि अनसूया आश्रमातच राहिल्या आहेत. राजसभेच्या त्या दृश्यात संपूर्ण स्मृती एकाच ठिकाणी शाबूत आहे : प्रेक्षकाच्या मनात. आपण उठून सांगू शकत नाही आणि विसरूही शकत नाही. या अंकाची व्याकुळता अडथळ्याच्या मोठेपणातून येत नाही. शाप हा तसा कृत्रिमच अडथळा आहे. ती येते स्मृतीच्या या विषम वाटणीतून.

याच अंकाच्या आरंभी, सुंदर काही पाहिल्या-ऐकल्यावर सुखी माणूसही अकारण का व्याकुळ होतो, असा प्रश्न दुष्यंताला पडतो. त्या श्लोकाचा विचार करताना अभिनवगुप्ताने ही स्मृती तार्किकांच्या परिचित स्मृतीहून वेगळी असल्याचे म्हटले आहे. कारण येथे पूर्वी अनुभवलेली वस्तू नेमकेपणाने समोर येत नाही. प्रेमचित्रपटाच्या प्रेक्षकाची अवस्था अशीच असते. पडद्यावरचे प्रेम त्याचे नसते, तरी ते त्याला आठवल्यासारखे वाटते. रचित उद्दीपन ही या उसन्या स्मृतीची जागा.

३

डेव्हिड लीनच्या ‘ब्रीफ एन्काउंटर’ (१९४५) या चित्रपटाचे कथानक दोन ओळींत संपते. लॉरा आणि ॲलेक हे दोघे विवाहित, मध्यमवयाकडे झुकलेले, सभ्य. रेल्वे स्थानकावर तिच्या डोळ्यात कण जातो, डॉक्टर असलेला ॲलेक तो काढतो, ओळख वाढते, दोघे प्रेमात पडतात आणि काही आठवड्यांनी कायमचे दूर होतात. नोएल कॉवर्डच्या ‘स्टिल लाइफ’ या १९३६ मधील एकांकिकेवर आधारलेल्या या चित्रपटात अडथळा म्हणजे केवळ दोन साधे संसार आणि त्यांतील साधी, चांगली माणसे. जागा म्हणजे स्थानकावरचे चहा-फराळाचे कळकट दालन. रूढ उद्दीपनांपैकी काहीही तेथे नाही.

चित्रपटाची रचना मात्र पाहण्यासारखी आहे. आरंभी कॅमेरा त्या दालनात येतो तो काउंटरवरच्या बाई आणि तिकीट तपासनीस यांच्या गप्पा ऐकत. कोपऱ्यातल्या टेबलाशी एक जोडपे बसले आहे. तेवढ्यात लॉराची एक बडबडी परिचित स्त्री येऊन टेबलाशी बसते. पुरुषाच्या गाडीची वेळ होते. तो उठतो, लॉराच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवतो आणि निघून जातो. पहिल्यांदा पाहताना हा प्रसंग आपल्या जवळजवळ लक्षातही येत नाही. यानंतरचा जवळजवळ सर्व चित्रपट म्हणजे घरी बसलेल्या लॉराने मनातल्या मनात नवऱ्याला दिलेला, कधीही न उच्चारला जाणारा कबुलीजबाब. आणि अखेरीस तोच प्रसंग पुन्हा येतो. आता आपल्याला ठाऊक असते की ही त्यांची शेवटची भेट आहे आणि त्या बडबड्या बाईने त्यांचा निरोपही हिरावून घेतला आहे. खांद्यावरचा तोच हात आता सगळ्या प्रेमाचा भार घेऊन येतो.

वस्तुतः दुसऱ्या वेळी माहितीत मोठी भर पडलेली नाही. भर पडली आहे ती प्रेक्षकाच्या अधिकारात. आरंभी आपण त्या बडबड्या बाईइतकेच परके होतो. शेवटी दालनातल्या लोकांत, त्या दोघांखेरीज, आपणच एकटे जाणते असतो. लॉराचा पती शेवटी तिला जवळ घेतो, ती कुठेतरी दूर गेली होती एवढे त्याला जाणवलेले असते. पण काय घडले ते त्याला कधीच कळणार नाही. त्या प्रेमाचा साक्षी जगात कोणी असेल तर तो प्रेक्षक.

माक्स ओफ्युल्सच्या ‘लेटर फ्रॉम अ‍ॅन अननोन वुमन’ (१९४८) या चित्रपटात हेच तत्त्व अधिक निष्ठुरपणे वापरले आहे. श्टेफान त्स्वाइगच्या १९२२ मधील दीर्घकथेवर आधारलेल्या या चित्रपटाची पार्श्वभूमी विसाव्या शतकारंभीच्या व्हिएन्नाची आहे. किशोरवयीन लिझा शेजारच्या पियानोवादक श्टेफानवर प्रेम करू लागते. ते प्रेम जन्मभर टिकते. आणि तो तिला प्रत्येक वेळी नव्याने भेटतो, कारण त्याला ती आठवतच नाही. येथील उद्दीपन म्हणजे इमारतीचा जिना. एका रात्री लिझा वरच्या पायऱ्यांवर त्याची वाट पाहत थांबलेली असते. तो येतो, एका स्त्रीसह. कॅमेरा लिझाच्या मागून, वरून हे पाहतो. काही वर्षांनी तो लिझालाच घेऊन त्याच जिन्याने वर येतो. कॅमेरा नेमका त्याच जागी उभा असतो. फक्त वरच्या पायरीवर आता कोणी नाही.

या एका चित्रचौकटीत संपूर्ण चित्रपट सामावला आहे असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. लिझाच्या दृष्टीने ही परमसुखाची घटका आहे. पण ज्या जागेवरून तिने एकदा दुसऱ्या स्त्रीला वर येताना पाहिले, त्या जागी आता आपण उभे आहोत आणि त्या अनेक स्त्रियांच्या ओळीत तिला पाहतो आहोत. ती जागा तिने सोडली, ती आपल्याला घ्यावी लागली. चित्रपटात आणखी एक स्मरण ठेवणारा आहे, श्टेफानचा मुका नोकर. पत्र वाचून संपल्यावर श्टेफान त्याला विचारतो तेव्हा तो कागदावर तिचे नाव लिहून देतो. ज्याला बोलता येत नाही त्यालाच नाव आठवते. प्रेक्षकाचे याहून अचूक प्रतिरूप सापडणे कठीण.

याच चित्रपटात रूढ उद्दीपनांचा एक मार्मिक उपहासही आहे. प्राटरच्या उद्यानातील बनावट आगगाडीत दोघे बसतात. खिडकीबाहेरून व्हेनिस आणि स्वित्झर्लंड यांची रंगवलेली दृश्ये सरकत असतात आणि ती सरकवण्यासाठी एक म्हातारा पायडल मारत असतो. प्रणयाची नेहमीची नेपथ्यरचना कशी चालते हे ओफ्युल्सने त्या नेपथ्यामागे जाऊन दाखवले आहे. विशेष म्हणजे उपहास असूनही तो प्रसंग कोमल राहतो, कारण लिझाला तो बनावटपणा ठाऊक असून पुरेसा वाटतो.

४

येथे एक शंका संभवते. रचित उद्दीपन वस्तूच्या नवेपणावर अवलंबून असते काय? तसे नाही. वाँग कार-वाईच्या ‘इन द मूड फॉर लव्ह’ (२०००) मधील व्हायोलिनची धून आज त्या चित्रपटापासून वेगळी करता येत नाही. परंतु शिगेरू उमेबायाशी यांनी ती सेजून सुझुकींच्या ‘युमेजी’ (१९९१) या चित्रपटासाठी रचली होती. ‘कासाब्लांका’त (१९४२) दोघांच्या पॅरिसमधल्या दिवसांची आठवण जागवणारे गाणेही १९३१ मधील एका नाटकासाठी लिहिले गेले होते. उसनी वस्तूदेखील पुनरावृत्तीच्या शिस्तीने स्वतःची करता येते, हाच त्याचा अर्थ.

वाँग कार-वाईच्या चित्रपटात १९६२ च्या हाँगकाँगमधील दाटीवाटीच्या बिऱ्हाडांत राहणारे दोन शेजारी आहेत. आपापल्या जोडीदारांचे एकमेकांशी संबंध आहेत हे त्यांना उमगते. त्या जोडीदारांचे चेहरे आपल्याला कधीच दिसत नाहीत. शेवया आणायला डबा घेऊन जाणारी ती, अरुंद जिन्यावर तिच्या बाजूने जाणारा तो, आणि मंद गतीत वाजणारी ती धून, एवढेच पुन्हा पुन्हा घडते. तिचे बदलत जाणारे पोशाख दिवस गेल्याचे सांगतात. आपल्या जोडीदारांचे प्रेम कसे सुरू झाले असेल याची तालीम हे दोघे करू लागतात. पुढे ते स्वतःच्या विरहाचीही तालीम करतात. काही वेळा आपण तालमीला प्रत्यक्ष प्रसंग समजतो आणि मग चूक ध्यानात येते. तालमीतले अश्रू मात्र खरे असतात. साहित्यशास्त्राच्या भाषेत, अनुभावांचा अभिनय करता करता स्थायी भाव जागृत होतो. शेवटी नायक अंगकोर वाटच्या भिंतीतील एका छिद्रात आपले गुपित कुजबुजतो आणि ते छिद्र बुजवतो. शब्द आपल्याला ऐकू येत नाहीत. ऐकू येण्याची गरजही नसते, कारण चित्रपटाने ते गुपित आधीच आपल्याजवळ ठेवलेले आहे.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. ही सर्व उदाहरणे विरहाची आहेत. मग हे विवेचन केवळ विप्रलंभ शृंगारापुरते खरे मानायचे काय? फ्रँक काप्राच्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’ (१९३४) या आनंदान्त चित्रपटाचा दाखला येथे पुरेसा होईल. योगायोगाने एकत्र प्रवास करणारे बातमीदार आणि श्रीमंत घरची मुलगी एकाच खोलीत रात्र काढतात तेव्हा तो दोन खाटांमध्ये दोरी बांधून तिच्यावर घोंगडी टाकतो आणि या आडोशाला बायबलमधील जेरिकोच्या तटाचे नाव देतो. संकोच आणि थट्टा यांतून आलेली ही घोंगडी हळूहळू त्यांच्यातील अंतराची आणि ओढीची खूण बनते. शेवटच्या दृश्यात नायक-नायिका पडद्यावर नाहीतच. बाहेर उभे असलेले वृद्ध मालक-मालकीण या जोडप्याच्या विचित्र मागण्यांबद्दल बोलत असतात. तुतारीचा आवाज येतो आणि आत घोंगडी जमिनीवर पडते. मालकांना काही कळत नाही, आपल्याला सर्व कळते. ‘चोरी चोरी’पासून (१९५६) हिंदीत या कथानकाच्या आवृत्त्या निघाल्या आणि त्यांना स्वतःची गोडीही आहे, पण मूळ कृतीचे स्मरण मुख्यतः त्या घोंगडीभोवती गुंफलेले आहे. संभोग शृंगारातही स्मृतीचे हे हस्तांतर घडू शकते, एवढे यावरून दिसते.

५

आतापर्यंतच्या विवेचनाला खरे आव्हान ‘मुघल-ए-आझम’ (१९६०) या चित्रपटाचे आहे. के. आसिफ यांनी येथे रूढ उद्दीपनांचे जणू संपूर्ण भांडारच उघडले आहे : उद्यान, रात्र, फुले, संगीत, आरसे. तानसेनाच्या स्वरांच्या पार्श्वभूमीवर सलीम अनारकलीच्या चेहऱ्यावरून पीस फिरवतो, तो प्रसंग हिंदी चित्रपटातील शृंगाराचा मानदंड समजला जातो आणि त्यामागे बडे गुलाम अली खाँ यांचा आवाज आहे. रूढ सामग्रीवर उभा असूनही हा चित्रपट अविस्मरणीय आहे. मग वर केलेला भेद टिकतो काय?

याचे उत्तर दोन टप्प्यांत देता येईल. पहिला टप्पा रूढीच्या उलटापालटीचा. कव्वालीच्या स्पर्धेनंतर सलीम बहारला फूल देतो आणि अनारकलीच्या वाट्याला काटे येतात. ती ते आनंदाने स्वीकारते, कारण काट्यांना कोमेजण्याचे भय नसते. शृंगाराचे सर्वांत झिजलेले उद्दीपन प्रतिस्पर्धिनीला देऊन त्याच्या विरुद्ध वस्तूला प्रेमाचे चिन्ह करण्याची ही युक्ती रूढीच्या पोटातच नवी रचना घडवते. शीशमहालातही आरसे शोभेपुरते राहत नाहीत. बादशहासमोर केलेली प्रेमाची घोषणा छतावरच्या अगणित प्रतिबिंबांतून त्याच्यावर चाल करून येते.

दुसरा टप्पा चित्रपटाच्या शेवटाचा आहे आणि माझ्या मते तो निर्णायक आहे. दंतकथेतील अनारकली भिंतीत चिणली जाते. चित्रपटात अकबर तिला गुप्त भुयारातून तिच्या आईसह जाऊ देतो. अट एवढीच की ती जिवंत आहे हे सलीमला कधीही कळू नये. भरताने करुण आणि विप्रलंभ यांतील भेद सांगताना करुण हा निरपेक्ष आणि विप्रलंभ सापेक्ष म्हटला आहे. एकात आशा तुटलेली असते, दुसऱ्यात शिल्लक असते. या भेदाच्या आधारे पाहिले तर येथे एक विलक्षण गोष्ट घडते. सलीमसाठी हा शेवट करुण आहे, अनारकलीसाठी विप्रलंभ. एकाच घटनेतून दोन पात्रांना दोन भिन्न रसांकडे नेले आहे आणि दोन्ही रस एकाच वेळी धारण करणारा, अकबर आणि त्या मायलेकींखेरीज, केवळ प्रेक्षक आहे. ‘शाकुंतला’च्या पाचव्या अंकाची हीच रचना, परंतु येथे अंगठी सापडणारच नाही. चित्रपटाच्या अफाट ऐश्वर्याखाली असलेला हा साधा सांगाडा त्याला तारतो.

६

मराठी चित्रपटाकडे वळताना प्रथम प्रभातच्या ‘माणूस’चा (१९३९) उल्लेख करावा लागेल. पोलीस शिपाई गणपत आणि वेश्या मैना यांची ही कथा. शाहू मोडक आणि शांता हुबळीकर यांच्या भूमिका असलेला हा व्ही. शांताराम यांचा चित्रपट म्हणजे प्रमथेश बारुआ यांच्या ‘देवदास’ला (१९३५) दिलेले उत्तर समजले जाते. देवदास स्मृतीत बुडून मरतो. गणपतला जगायचे आहे. या चित्रपटात दोघे हिंडताना एका चित्रपटाच्या चित्रणापाशी येऊन पोहोचतात आणि तेथील साचेबंद प्रणयाची नक्कल करतात; बॉम्बे टॉकीजच्या तत्कालीन शैलीची ही थट्टा होती. रूढ उद्दीपने ज्यांच्यासाठी बनवलेली नाहीत अशा दोन माणसांनी त्यांची केलेली ही टवाळी आहे. झाडाखालचे गाणे हे सुखवस्तूंचे प्रेम. शिपाई आणि वेश्या यांनी ते गायले तर ते विडंबनच होते, असे चित्रपट हसत हसत सांगतो. अखेरीस खुनाच्या आरोपाखाली तुरुंगात पडलेली मैना पळून जाण्याची संधी नाकारते आणि गणपतला त्याच्या कर्तव्याकडे परत पाठवते. प्रेमाच्या स्मृतीत रेंगाळण्याविरुद्ध इतका ठाम कौल देणारा प्रेमचित्रपट विरळा. स्मृती हा श्रेष्ठ प्रेमचित्रपटाचा गाभा आहे असे म्हणताना, त्या स्मृतीवर अविश्वास दाखवणारी ही कृतीही ध्यानात ठेवली पाहिजे.

शृंगाराची रूढ सामग्री कोणाच्या मालकीची, हा ‘माणूस’ने विनोदाच्या अंगाने विचारलेला प्रश्न नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’मध्ये (२०१६) जीवघेणा होऊन परत येतो. पाटलाची मुलगी अर्ची आणि मासेमारीवर जगणाऱ्या पारधी कुटुंबातला परश्या यांचे प्रेम पूर्वार्धात रूढ उद्दीपनांच्या पूर्ण थाटात उभे राहते : विहीर, शेते, पाखरांचे थवे, मंदगती चित्रण आणि अजय-अतुल यांचा पाश्चात्त्य सिंफनीचा वाद्यवृंद. काही समीक्षकांना हा पूर्वार्ध हिंदी चित्रपटाची नक्कल वाटला. या आक्षेपात तथ्य आहे, पण त्याचा अर्थ वेगळा लावला पाहिजे. करमाळ्याच्या परिसरातला हा मुलगा प्रेमात पडतो तेव्हा त्याच्याजवळ प्रेमाची दुसरी कोणती भाषा उपलब्ध आहे? पडद्याने ज्या शृंगाराचे नायकपद त्याच्या समाजाला सहसा दिले नाही, तो शृंगार तो पूर्ण हक्काने उचलतो. कालिदासाच्या नाटकात प्रेमाची हरवलेली खूण एका धीवराला सापडते. रक्षक त्याला चोर समजून बडवतात, मग राजा बक्षीस देतो आणि तो नाटकातून बाहेर जातो. ‘सैराट’मध्ये त्या धीवराचा मुलगा नायक झाला आहे. बक्षीस मिळणार नाही हे त्याला अजून माहीत नाही.

उत्तरार्धात दोघे हैदराबादला येतात आणि गाणी थांबतात. चारही गाणी पूर्वार्धात येऊन गेलेली आहेत. आता झोपडपट्टीतली खोली, डोशाची गाडी, बाटल्यांच्या कारखान्यातली नोकरी, अपरिचित भाषा. ट्रॅक्टर आणि बुलेट चालवणारी अर्ची रडते, वैतागते. परश्या संशयाने तिच्यावर हात उचलतो. ती गाडीत बसून निघते आणि परत येते. शृंगाराचे सगळे उसने सामान काढून घेतल्यावर प्रेम उरते काय, याची ही तपासणी आहे आणि ते उरते. संसार, स्कूटर, मूल, नव्या घराचे बेत अशा अगदी कोरड्या तपशिलांतून चित्रपट आपली स्वतःची उद्दीपने रचत जातो. पूर्वार्धातला वाद्यवृंद आता प्रेक्षकाला आठवत राहतो, पडद्यावर तो कोठेच नाही. म्हणजे पूर्वार्धाचे काम स्मृती पुरवण्याचे होते, हे उत्तरार्धात उलगडते.

आणि मग माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात, चहा होतो. बाहेर गेलेले मूल शेजारणीबरोबर परत येते. त्याला जे दिसते ते आपल्याला दिसते. आवाज मात्र नाहीसा झालेला असतो. रक्तात भिजलेली चिमुकली पावले उमटवीत ते मूल बाहेर पडते. या शेवटाची चर्चा बहुधा त्याच्या धक्क्यासंबंधी झाली. प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते साक्षीदाराचे वय. या प्रेमाचा एकमेव वारस असा आहे की ज्याला आपले आईवडील आठवणार नाहीत. विहीर, ट्रॅक्टर, पत्रे, पळून जाणे, भांडण, परत येणे, यांतले काहीही त्या मुलाला कोणी सांगण्याची शक्यता नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांनीच ते पुसून टाकले आहे. प्रतिष्ठेसाठी केलेल्या हत्येचा हेतू दोन माणसांना मारण्यापुरता नसतो, ते प्रेम कधी घडलेच नाही असे करण्याचा असतो. म्हणून त्या निःशब्द पावलांपाशी प्रेक्षकावर येणारी जबाबदारी लॉराच्या किंवा लिझाच्या प्रेक्षकापेक्षा जड आहे. तेथे आपण एका गुपिताचे राखणदार होतो. येथे आपण पुराव्याचे राखणदार आहोत.

या चित्रपटातील एका गाण्यावर महाराष्ट्रभर लग्नांच्या वरातींत लोक नाचले. ज्या समारंभांत जात पाहून सोयरीक जुळवलेली असते तेथेही ते वाजले. याला प्रेक्षकाची विस्मृती म्हणावे की रूढ उद्दीपनाची ताकद? दोन्ही म्हणता येईल. रूढ उद्दीपन कृतीपासून सहज सुटे होते आणि कोठेही वापरता येते. पावलांचे ठसे तसे सुटे होत नाहीत. ते ज्याला आठवतात त्याला संपूर्ण चित्रपटासह आठवतात.

७

वरील उदाहरणांचे देश, काळ आणि सामाजिक संदर्भ भिन्न आहेत आणि त्यांना एका सूत्रात ओवण्याचा मोह आवरता घेतला पाहिजे. इंग्लंडमधील एका गृहिणीचा विरह आणि सोलापूर जिल्ह्यातील तरुणांची हत्या यांचे सामाजिक मोल एक नाही. तथापि रचनेच्या पातळीवर त्यांच्यात साम्य दिसते आणि ते समीक्षेला काही कामाचे प्रश्न पुरवते. प्रेमचित्रपटाचा विचार करताना अडथळा कोणता आहे एवढेच विचारून भागणार नाही. या चित्रपटाने स्वतःची अशी कोणती वस्तू किंवा जागा घडवली? ती प्रथम आली तेव्हा किती निरर्थक होती? कोणत्या क्षणी कोणाला काय ठाऊक आहे, आणि प्रेक्षकाला एकट्याला काय ठाऊक आहे? हे प्रश्न विचारले की मोहिनी, चिरंतनता यांसारख्या सैल शब्दांची गरज बरीच कमी होते.

साधारणीकरणाच्या सिद्धांतात रसिक विशिष्ट व्यक्तींच्या पलीकडे जाऊन भावाचा आस्वाद घेतो असे मानले आहे. श्रेष्ठ प्रेमचित्रपट या प्रक्रियेत एक पायरी वाढवतो. आस्वाद संपल्यानंतर तो रसिकाला पुन्हा त्या विशिष्टापाशी आणून सोडतो : याच दालनात, याच जिन्यावर, याच दोन माणसांत हे घडले आणि ते तुझ्याखेरीज फार थोड्यांना ठाऊक आहे. चित्रपटगृहातील दिवे लागल्यावर आपण जी हुरहूर घेऊन बाहेर पडतो ती या सोपवणुकीची असते. ‘सैराट’नंतर ती केवळ हुरहूर म्हणून सांभाळता येत नाही, तिला साक्षीचे रूप येते. मराठी समीक्षेने या चित्रपटाचा विचार पुढे न्यायचा असेल, तर तो या बिंदूपासून न्यावा असे वाटते.